सतरा नंबरचे पराग

फरीज बिन ओमरान, दोहा
१८ एप्रिल २०२५

ती. आत्या,

नमस्कार, पण आज वाकून नाही. आज मी ताठ आहे आणि रागात आहे, आणि त्या रागात एक गोष्ट सापडली आहे ती सांगायला बसले आहे. फोन करत नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याचा तू तुझ्या सोयीने अर्थ लावतेस, हे तुझंच म्हणणं.

मार्चमध्ये आमच्या ग्रीनहाऊसचा चिलर दोन दिवस बंद होता, हे मी तुला कळवलं नव्हतं. लाज वाटली. आत अक्षरशः भट्टी झाली. लिलीच्या कळ्या तेव्हा बोटाच्या पेराएवढ्या होत्या. आता त्या उमलल्यात आणि बघवत नाहीत. पाकळ्यांच्या कडा करपलेल्या, देठ वाकडे. हॉटेलवाल्यांनी पहिला ट्रक तसाच परत पाठवला. काल अबू नासिर स्वतः आले. शेत त्यांचं, निर्णय त्यांचा. मला ते ‘दोक्तोरा’ म्हणतात, पीएचडी अर्धवट टाकून नवऱ्यामागे इथे आलेल्या बाईला! फार सभ्यपणे म्हणाले, “दोक्तोरा, फुलं रोज विमानाने येतात. काकडी इथली हवी. लिली खलास.” जूनअखेर सगळे कप्पे रिकामे करायचे, मग चिलर बंद करून दुरुस्ती, मग काकडी.

म्हणजे तू पांढरी आणि केशरी यांच्या संकरातून केलेली सतरा नंबरची लिलीही गेली. गेल्या वर्षी तू रीतसर कागद करून पाठवलेले तिचे कंद तिसऱ्या कप्प्यात आहेत. आमचा सुपरवायझर अश्फाक तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, पहले इसको निकालते हैं. ये तो वैसे भी बाँझ है.”

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी एक करपलेलं फूल तोडून घरी आणलं, तू दिलेला मायक्रोस्कोप कपाटातून काढला आणि निव्वळ त्याला खोटं पाडायचं म्हणून पराग लाल रंगात भिजवून काचेवर घेतले. आधी नेहमीचंच दिसलं, फिकट, चुरमडलेली, रिकामी टरफलं. काच सरकवत गेले. मग एक दिसला, मोठा, गोल, भरलेला आणि लालबुंद. थोड्या अंतरावर आणखी एक.

तूच शिकवलंस ना, पराग तयार होताना गुणसूत्रांनी आधी जोडीजोडीने जवळ यायचं असतं, मग निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे. सतरा नंबरकडे बारा आहेत पांढऱ्या लिलीची आणि बारा केशरीची. ती एकमेकांना ओळखत नाहीत, जोड्या जमत नाहीत, वाटणी विस्कटते आणि पराग रिकामे राहतात. म्हणून वीस वर्षांत तिला एक बी धरलेलं नाही. पण एखाद्या पेशीने वाटणीच केली नाही तर? चोवीसच्या चोवीस घेऊन तशीच पुढे गेली तर? तो पराग मोठा असणार आणि जिवंत असणार. कळ्या कोवळ्या असताना उकाडा बसला तर असं होऊ शकतं, हे आपण दोघींनी वाचलंय. आमचा चिलर नेमका तेव्हाच बंद पडला, आत्या!

मी हे पराग तुला पाठवते. तुझ्या पॉलिहाऊसमधल्या पांढरीवर लाव. बी धरलं तर छत्तीस गुणसूत्रांचं रोप मिळेल, पांढरीचा वास आणि सतराचा चिवटपणा एकाच रोपात, आणि त्याच्यापुढे आणखी संकर करता येतील. इथे जूननंतर काही उरणार नाही, जे करायचं ते तळेगावलाच.

आज कोणाचंही न ऐकणारी,
उर्वी


तळेगाव दाभाडे
२१ एप्रिल

चि. उर्वी,

आशीर्वाद आहेतच, पण आधी कानउघाडणी.

‘मोठा आणि लालबुंद’ हे काय निरीक्षण झालं? असं वर्णन टोमॅटोचंही करता येतं. मोजलास का? रंग धरला म्हणजे जिवंत असेलच असंही नाही. साखरेच्या पाण्याच्या थेंबात ठेव आणि त्याला नळी फुटते का बघ, मग नाच.

मी वीस वर्षं तिचे पराग बघत आले. दर वेळी थंडीत, लाडाने वाढवलेल्या फुलांचे. तिला उकाडा लागू नये म्हणून जाळ्या काय, फवारे काय, सगळा जीव टाकला, आणि उकाड्यात तिचे पराग कसे होतात हे बघायचं मात्र कधी सुचलं नाही. हे मला झोंबलं आहे. झोंबलं म्हणून ते खरं ठरत नाही.

त्या अश्फाकला सांग, तो शब्द मी झाडालाही वापरू देत नाही. माणसाला वापरणाऱ्यांशी तर मी बोलणंच टाकलंय, तुझ्या सासूबाई धरून.

इथे सगळं छान आहे. पॉलिहाऊसमधली पांढरी यंदा अशी काही फुलली आहे की विचारू नकोस. पण पराग पाठवायची घाई करू नकोस. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात कशाला? तुझ्या शेजारच्या कप्प्यात पांढरी आहेच की. तूच लाव. तुला येतं.

कमलिनी आत्या


दोहा
२९ एप्रिल

ती. आत्या,

तुझा विश्वास नाही, एवढं तुझ्या पत्रातून नीट कळलं.

नळी फुटली. ऐकलंस? फुटली! नेहमीच्या जिवंत परागाहून हे सव्वापट मोठे आहेत, मोजमाप आणि फोटो सोबत जोडले आहेत. आता टोमॅटो म्हणून दाखव.

आणि ‘तुला येतं’ हे कोणाला सांगतेस? एमएस्सीला दोन हंगाम तुझ्या हाताखाली होते, माझ्या हातून एकही बोंड धरलं नाही. ‘हात घाईचा आहे’ असं सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. शिवाय बोंड पिकायला महिने लागतात आणि माझ्याकडे ते नाहीत. म्हणून पराग येताहेत, तू नको म्हण नाहीतर काही म्हण.

तुझ्या जावयाच्या ऑफिसातला मयूर गुरुवारी सुट्टीवर निघतोय. त्याची आई तळेगाव स्टेशनला राहते. इथली रीत तुला माहीत आहे, कोणी गावी निघालं की सगळे त्याच्या बॅगेत जागा मागतात. कोणी खजूर पाठवतं, कोणी येताना गोडा मसाला मागवतं. मी थर्मासभर जागा मागितली. पराग वाळवून औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरलेत. तू काढलेला परवाना अजून चालू आहे, तो आणि इथला दाखला वर चिकटवला आहे. निम्मे पराग माझ्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली ठेवलेत, पण ते नुसते धीराला.

धवल मजेत. ऑफिसात फार काम आहे त्याला.

उर्वी


तळेगाव
९ मे

चि. उर्वी,

बसून वाच. हसू येईल, पण रडूही येईल.

मयूरच्या मातोश्रींनी थर्मास उघडला. आत पिवळ्या पुडीच्या कॅप्सूल. परदेशातून लेकाने आणलेल्या. त्यांनी ठरवलं की हे आपल्या गुडघ्यांचं औषध. वर चिकटवलेला कागद इंग्रजीत होता, तो वाचायला चष्मा कोण शोधणार? रोज दुधाबरोबर एकेक सुरू केली. मी चौकशीला गेले तेव्हा शेवटची घेऊन झाली होती. गुडघ्यांना आराम आहे म्हणाल्या. जिने चढून दाखवला.

मयूरकडे याचा विषय काढू नकोस. ती बाई शरमेने अर्धी झाली आहे, तिला आणखी लाजवायचं नाही.

तेव्हा आता तुझ्या मटाराखालचे पराग काढ आणि तूच लाव. पांढरीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी हाताने उघड, तिचे स्वतःचे परागकोश चिमट्याने काढ. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाली की पराग लाव आणि वर पोळ्या गुंडाळतात त्या फॉइलची टोपी घाल. बोंड पिकेपर्यंत थांबायची गरज नाही. तसंही या संकराचं बी आपोआप पिकणार नाही, आतला भ्रूण उपाशी मरतो. सात-आठ आठवड्यांनी हिरवं बोंड चिरून भ्रूण बाहेर काढायचा आणि बाटलीत वाढवायचा. प्रयोगशाळा लागते असं कोण म्हणतं? प्रेशर कुकर, चायना ग्रास, साखर आणि क्षारांची पुडी. मी माझं पहिलं काम न्हाणीघरात केलंय.

हात घाईचा आहे, हो. मग सावकाश कर.

आत्या


दोहा
२५ मे

ती. आत्या,

लावले. सात फुलांवर. त्या गुडघेवालीचा इतका संताप आला होता की हात जराही हलला नाही.

पण सांगायचं ते पुढचं. मंगळवारी कप्प्यात गेले तर अश्फाकची माणसं कात्री घेऊन माझ्या फॉइलच्या टोप्यांपर्यंत पोहोचलेली. कुठल्याशा लग्नाची ऑर्डर होती, पांढरी हवी होती. मी त्या रांगेसमोर उभी राहिले.

“मॅडम, हटो ना. गाडी खड़ी है.”

“नहीं हटूँगी. बाकी सब काटो. ये सात नहीं.”

“बॉस को बोलूँगा.”

“बोलो. यल्ला, अभी बोलो!”

अबू नासिर आले. मी त्यांना सगळं समजावलं, चोवीस काय आणि छत्तीस काय. ते ऐकत होते, अगदी मन लावून. शेवटी म्हणाले, “इन्शाल्ला, दोक्तोरा, इन्शाल्ला. पण जूनअखेर कप्पा रिकामा.” मग मी विचारलं, ही सात झाडं मी घरी नेऊ का? ते हसले आणि अश्फाकला म्हणाले, दे.

झाडं इथे क्रेटमध्येच वाढवतात, त्यामुळे उचलणं सोपं होतं. इमारतीच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, लिफ्टमध्ये माती सांडली म्हणून माझ्याशी भांडण केलं, मी त्याच्याशी जास्त केलं. आता आमच्या बेडरूममध्ये सात लिल्या एसीत आहेत आणि धवल हॉलमध्ये सोफ्यावर. म्हणतो, वासाने डोकं धरतं.

एक गोष्ट लपवली होती. धवलचा करार जुलैअखेर संपतोय, पुढचा मिळालेला नाही. मार्चपासून माहीत होतं. तुला काळजी नको म्हणून बोलले नाही. वेळ कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी कुठेही जाणार नाही बोंडं चिरल्याशिवाय.

उर्वी


तळेगाव
३० मे

चि. उर्वी,

अशी उभी राहिलीस, हे वाचून माझी छाती दोन बोटं वर आली.

पण मार्चपासून लपवलंस? घरच्या माणसापासून? मी काय परकी? आपल्या माणसाला खरं सांगायचं असतं, ते त्याला पेलतं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्यायचं. पुन्हा असं केलेलं मला चालणार नाही.

बोंडं फुगतायत का ते कळव. धवलला सोफ्याबद्दल माझे आशीर्वाद.

आत्या


दोहा
१४ जून

आत्या,

आज ना नमस्कार, ना काही.

काल अल सद्दला मयूर भेटला. मी शब्द पाळला होता, विषय काढला नव्हता. त्यानेच विचारलं, “पोचलं ना तुमचं पार्सल? आई स्वतः रिक्षाने जाऊन देऊन आली. कागदावर आत्यांची सही पण घेतली म्हणे, फार हौशी आहे ती.” मी विचारलं, आईंचे गुडघे कसे आहेत? तो म्हणाला, “आईचे गुडघे? ती तर रोज टेकडी चढते.”

मग तो म्हणाला, “पण तुमच्या आत्यांचं लॉन काय मस्त झालंय! आमच्या चुलत बहिणीचं तिथेच ठरतंय.”

कसलं लॉन, आत्या?

पांढरी यंदा अशी काही फुलली आहे की विचारू नकोस, असं लिहिलं होतंस. आता विचारते. कुठे फुलली आहे? माझे पराग कुठे आहेत? आणि ‘आपल्या माणसाला खरं सांगायचं असतं’ हे मला कुठल्या तोंडाने लिहिलंस?

उर्वी


तळेगाव
१९ जून

चि. उर्वी,

होय. खोटं लिहिलं. त्या बाईचे गुडघे ठणठणीत आहेत.

डिसेंबरात श्यामने पॉलिहाऊस उतरवलं. जमीन त्याच्या वडिलांनी त्याच्या नावावर केली होती. माझा मुलगा वाईट नाही, तोट्याचं किती वर्षं चालवणार असं म्हणाला, आणि त्यात चूकही नाही. आता तिथे प्लॅस्टिकची हिरवळ आहे, स्टेज आहे, नवरीकरता एसीची खोली आहे. नाव ‘कमलिनी लॉन्स’. मला बरं वाटावं म्हणून दिलं. माझं नाव गेटवर ट्यूबलाइटमध्ये जळतं आणि मी खिडकीला पडदा लावते.

कंद जेसीबीने निघाले आणि भरावात गेले. पांढरीचे, केशरीचे आणि सतराचे. सतरा नंबर जगात आता फक्त तुझ्या तिसऱ्या कप्प्यात आहे.

एप्रिलमध्ये हे सांगितलं असतं तर तू माझं सांत्वन करत बसली असतीस. मला सांत्वन नको होतं, मला बोंड हवं होतं. आणि तुला पराग लावायला भाग पाडायचं तर माझ्याकडचा रस्ता बंद करणं भाग होतं. तुझा हात घाईचा आहे, पण चिडलीस की तो स्थिर होतो, हे मी एमएस्सीच्या वेळीच पाहिलंय. म्हणून ती गुडघ्यांची गोष्ट रचली. चांगली रचली होती, हे कबूल कर.

पराग घेऊन मी माझ्या जुन्या कॉलेजात गेले. ओळख काढून प्रयोगशाळा उघडायला लावली आणि बघितले. मोठे, गोल, भरलेले. वीस वर्षं मी ज्यांची वाट बघितली ते, तुझ्या त्या बिघडलेल्या चिलरने दिलेले. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. लॅब असिस्टंट घाबरला, पाणी आणायला धावला.

आता राग काढ. पण बोंडं सोडू नकोस.

आत्या


दोहा
१२ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच टॅक्सी करून शेतावर गेले. झाडं घरी आणल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. तिसरा कप्पा रिकामा होता. जूनअखेर म्हणाले होते, अश्फाकने पंधरवडा आधीच उरकलं होतं. कंद कुठे विचारलं तर त्याने खताच्या ढिगाकडे हात केला. यंत्रात घालून बारीक केलेले. मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घातले. बाहेर उन्हात उभं राहवत नव्हतं. अश्फाक शेजारी येऊन उकरायला लागला. कंदाची एक पाकळीसुद्धा शाबूत मिळाली नाही.

मला हे लिहू दे. तू एप्रिलमध्ये खरं सांगितलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सतराचं एक क्रेट घरी आणलं असतं. माझ्याकडे पांढरी आहे, सतरा नाही. तुला वाटलं मला चिडवून तू काम करून घेशील. घेतलंस. पण सतरा नंबर गेली ती तुझ्या त्या हुशारीमुळे. मी हे विसरणार नाही आणि तुला विसरू देणार नाही.

आता जे काही आहे ते त्या बोंडांत आहे. सातांपैकी दोनच फुगली होती. बाकीची पिवळी पडून गळली.

काल चिरली. अल हिलाल भागात राहणारी गौरी इथल्या एका प्रयोगशाळेत असते, क्षारांची पुडी तिने दिली. चायना ग्रासचं माध्यम कुकरमध्ये शिजवलं, जॅमच्या बाटल्यांत भरलं. प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याला हात जातील एवढी दोन भोकं पाडली, आत स्पिरिट फवारलं, आणि त्यात हात घालून काम केलं. धवलने दिवा धरला. म्हणाला, एवढा श्वास रोखून तू आपल्या लग्नातही बसली नव्हतीस.

बोंडात बी म्हणून नुसत्या कोरड्या चकत्या. एकेक उजेडासमोर धरली, एकेक टाकली. पहिलं बोंड संपलं, काही नाही. दुसऱ्यात तळाशी पाच निघाले, तांदळाच्या कणीहून बारीक, वाकलेले, पांढरे. हात हलला नाही. चिडलेली होतेच.

पाच बाटल्या आमच्या कपाटात, धवलच्या शर्टांमागे आहेत.

उर्वी


तळेगाव
१५ जुलै

चि. उर्वी,

हो. माझ्यामुळे गेली. तुझं पत्र चार वेळा वाचलं, प्रत्येक वेळी तेच निघालं.

यावर मी काही सारवासारव करणार नाही. एवढंच सांगते की या वयात मी एकदा खचले तर पुन्हा उठायची नाही, म्हणून मी खचणार नाही. तूही खचायचं नाहीस. आपण नंतर भांडू. आधी त्या बाटल्या.

बुरशी दिसली की ती बाटली उघडू नकोस, तशीच कुकरमध्ये उकळून टाक. मूळ सुटायला लागलं की कळव.

आत्या


दोहा
२० सप्टेंबर

ती. आत्या,

नमस्कार करते आहे. वाकून.

दोन बाटल्यांत बुरशी आली, त्या तुझ्या सांगण्याप्रमाणे टाकल्या. तिसरी हिरवी होऊन तशीच थांबली, मग काळी पडली. दोन राहिल्या. ऑगस्टमध्ये दोन्हींत मुळं सुटली, खाली शेंगदाण्याएवढा कंद धरला. मी तुला मुद्दाम लिहिलं नाही. मोजल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. रोपं उभी आहेत म्हणजे सतराचीच असं नाही, पांढरीने चुकून स्वतःचंच बी धरलं असेल तर? मग चोवीस निघतील आणि सगळं संपलं.

एका मुळाचं टोक कापलं. बर्फाच्या पाण्यात ठेवलं, रंगवलं, काचेखाली अंगठ्याने चिरडलं. पहिल्या तीन काचा मी फुकट घालवल्या, गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, काही मोजता येईना. चौथी नीट पसरली. मोजली. विश्वास बसला नाही, कागदावर चित्र काढून एकेकावर टिंब देत मोजली. धवलला बोलावलं, त्याला काही न सांगता मोजायला लावलं. त्याने कागदावर आकडा लिहिला आणि उलटा ठेवला.

छत्तीस. आत्या, छत्तीस! दुसऱ्या रोपालाही छत्तीस. बारा पांढरीची आणि चोवीस सतराची, एकही न गळता. कुठला तुकडा पांढरीचा आणि कुठला केशरीचा, त्यांनी आपसात काही अदलाबदल केली का, हे साध्या मायक्रोस्कोपमधून कळत नाही, त्याला वेगळी रंगाची पद्धत लागते. ते पुढचं. आज एवढंच की त्या खताच्या ढिगात सतरा संपली नाही. माझ्या कपाटात आहे.

शेतावर गेले आणि अश्फाकला फोटो दाखवला. म्हटलं, वो बाँझवाली है ये. त्याने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. म्हणाला, “मॅडम, वो लफ़्ज़ मैं वापस लेता हूँ.” मी म्हटलं, शुक्रन, घ्याच.

धवलला ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती, ती संपते आहे. आम्ही पुण्याला येतोय. कागदपत्रं सुरू केली आहेत, बाटल्या माझ्या मांडीवर येतील. पण आणायच्या कुठे? पुण्यात भाड्याचा फ्लॅट, तिथे ना गारवा ना जागा. तुझ्याकडे तर प्लॅस्टिकची हिरवळ. हे लिहिताना अजून रागच येतोय, पण आता तो कोणावर काढू ते कळत नाही.

तुझी,
उर्वी


तळेगाव
२५ सप्टेंबर

चि. उर्वी,

छत्तीस हा आकडा मी देवघराच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे. पुसायचा नाही म्हणून बाईला ताकीद दिली आहे.

जागेचं विचारलंस. जागा केली.

तुला लिहिलं होतं, श्यामच्या लॉनवर नवरीला सजवायची एसीची खोली आहे. भिंतभर आरसा, मखमली कोच, आरशाभोवती बल्ब. परवा सकाळी मी तिथे गेले. सुदाम, म्हणजे पूर्वी माझ्या पॉलिहाऊसवर होता तो, आता लॉनच्या खुर्च्या लावतो, त्याला हाक मारली. आम्ही दोघांनी कोच बाहेर काढला, आरशासमोर लोखंडी मांडणी उभी केली. आरसा ठेवला, उजेड दुप्पट होतो. कॉलेजातून निर्जंतुक हवेत बाटल्यांचं काम करायचं जुनं कपाट मागून आणलं, तिथे ते धूळ खात होतं. एसी लावला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या मंगळसूत्राची जागा रिकामी होती तिथे, गळ्यात अडकवली.

दुपारी श्याम आला. आधी हसला, मग त्याने कोच व्हरांड्यात बघितला.

“आई, हे काय चाललंय? तुळशीचं लग्न झालं की बुकिंगं सुरू. नवरी कुठे बसवायची?”

“स्टेजवर. तिथेच बसते ना शेवटी?”

“आई, ऐक ना. ही जागा माझी आहे.”

“आणि गेटवरचं नाव माझं. तूच दिलंस. एक तर ते उतरव, नाही तर मला आत राहू दे.”

त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं, आणि मला त्याची दया येत होती. तरीही मी किल्लीवरचा हात काढला नाही. डिसेंबरात मी गप्प बसले होते. त्या गप्प बसण्याचं काय झालं ते तू ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघितलंस.

शेवटी त्याने विचारलं, “बरं. किती दिवस लागेल ही खोली?”

“फूल येईपर्यंत.”

“म्हणजे कधी?”

“तीन वर्षं.”

तो मखमली कोचावर खाली बसला. मी उभीच राहिले, मांडणी अजून पुसायची होती.

कमलिनी आत्या